पाकिटामागची बारीक अक्षरं

वाचकाचं पत्र:

"ताई, आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत, अजून घरी बसून विड्या वळतात. बीपी आठ वर्षांपासून आहे. सरकारी दवाखान्यातून एक पांढरी गोळी मिळते, ती त्या नेमाने घेतात. फेब्रुवारीत बीपी १७०/१०० निघालं म्हणून मिस्टरांनी खाजगी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नवी गोळी दिली. मार्चमध्ये पाय सुजले. गल्लीतल्या दवाखान्यातून सूज उतरायची गोळी आणली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तर वर्षभर चालूच आहे. गेल्या आठवड्यात पहाटे मोरीत चक्कर येऊन पडल्या. शेजारच्यांच्या मशीनवर बीपी ९८/६० होतं. 'गोळ्यांनीच पाडलं बघा, बंद करून टाका की,' असं सगळे म्हणाले, म्हणून सगळ्याच गोळ्या बंद केल्या. पहिले तीन दिवस बीपी छान होतं. काल आठव्या दिवशी मोजलं तर १८२/१०४. आता काय चालू करू आणि काय नको? एकांनी सर्पगंधाची पूड दिलीय, तिला साइड इफेक्ट नाही म्हणतात. अजून एक, संकोच वाटतो पण विचारते. माझं वय ३६. शिबिरात माझं बीपी १४८/९४ निघालं. आम्हाला दुसरं मूल हवंय. सासूबाईंच्या नव्या गोळीची दोन पाकिटं उरलीत, ती मी घेतली तर चालेल का? चारही पाकिटांवरची नावं खाली लिहिते आहे. – एक सूनबाई"

ताई,

आधी आजचं बोलू. सासूबाईंना आत्ता छातीत दुखतंय का? धाप लागतेय का? तोंड एका बाजूला ओढल्यासारखं, एक हात किंवा पाय जड, बोलणं अडखळतंय, एकाएकी दिसेनासं झालंय, कधी नव्हतं इतकं डोकं दुखतंय, किंवा बोलण्यात असंबद्धपणा आलाय, यातलं एक जरी असेल तर हे पत्र इथेच ठेवा आणि १०८ ला फोन करा. सिव्हिल असो की घराजवळचं मोठं रुग्णालय, तासाभराचा उशीरही अशा वेळी महाग पडतो.

यातलं काहीच नसेल तर घाबरू नका. त्यांना दहा मिनिटं शांत बसवा आणि पुन्हा मोजा. आकडा तेवढाच राहिला तर आज, फार तर उद्या, डॉक्टरांना दाखवा. या मधल्या वेळात कुणी 'जिभेखाली गोळी ठेवा, लगेच उतरेल' असा सल्ला दिला तर ऐकू नका. पूर्वी तसं करत असत. पण बीपी असं झपकन खाली आणलं की मेंदूला आणि हृदयाला होणारा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून ती पद्धत केव्हाच सोडून दिली गेली. वाढलेलं बीपी सावकाश उतरवायचं असतं. ते काही दिवसांत खाली आलं तरी चालतं.

आता तुमच्या त्या चार नावांकडे येते. ताई, तुम्ही पाकिटं हातात घेऊन मागची बारीक अक्षरं उतरवून पाठवलीत, म्हणूनच मला हे उत्तर देता येतंय. मी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे. माझ्याकडे माणसं येतात ती 'बारीक पांढरी गोळी', 'लाल पाकिटातली', 'आमच्या आईची ती' असं सांगत, नाहीतर कात्रीने कापलेला दोन गोळ्यांचा तुकडा घेऊन. त्या तुकड्यावर ना नाव पूर्ण असतं, ना तारीख.

तुमची यादी अशी आहे. सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी: अम्लोडिपिन ५. फेब्रुवारीतली नवी गोळी: टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५, दोन्ही एकाच गोळीत. सूज उतरायची: फ्युरोसेमाइड ४०, म्हणजे लघवी वाढवणारी गोळी. गुडघ्याची: डायक्लोफिनॅक ५०.

पहिल्या दोन नावांकडे पुन्हा बघा. अम्लोडिपिन दोन्हीकडे आहे. फेब्रुवारीपासून सासूबाई एकच औषध दोनदा घेत होत्या. एक पाकीट दवाखान्यातलं, एक मेडिकलमधलं. रंग वेगळा, कंपनी वेगळी, वर छापलेलं मोठं नावही वेगळं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या डॉक्टरांनी बहुधा जुन्या गोळीच्या जागी ही दिली असणार. 'आता ती बंद, फक्त ही' हे वाक्य एकतर बोललं गेलं नाही किंवा गर्दीत ऐकू आलं नाही.

पाच अधिक पाच, म्हणजे दिवसाला दहा मिलिग्रॅम. अम्लोडिपिन दहापर्यंत देतात, ती मात्रा काही विषारी नाही. पण पायावर सूज येणं हा या औषधाचा ओळखीचा त्रास आहे. मात्रा वाढेल तशी सूज वाढते, आणि बायकांमध्ये ती जास्त दिसते. फेब्रुवारीत गोळी दुप्पट झाली आणि मार्चमध्ये पाय सुजले, हा योगायोग वाटत नाही. ही सूज येते कशी, तेही सांगते, कारण पुढची चूक त्यातूनच झाली. अम्लोडिपिन हृदयाकडून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतं. परत जाणाऱ्या शिरा मात्र होत्या तशाच राहतात. त्यामुळे घोट्याजवळ दाब वाढून पाणी पाझरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, ते फक्त चुकीच्या जागी उतरलेलं असतं. म्हणून लघवीची गोळी देऊन ही सूज नीट उतरत नाही. उलट अंगातलं असलेलं पाणी आणि मीठ निघून जातं.

म्हणजे एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजला गेला आणि त्यावर आणखी एक औषध चढलं. गल्लीतल्या त्या डॉक्टरांनी पाय पाहिले, त्यांच्यासमोर चारही पाकिटं नव्हती. मी कुणाला दोष देत नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारानेही पाय सुजतात, तेव्हा सुजेची तपासणी व्हायलाच हवी. सासूबाईंना आडवं झाल्यावर धाप लागत असेल किंवा तोंडावरही सूज दिसत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

इथे एक घरची गोष्ट सांगते. माझे वडील चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात कामाला होते. बीपीसाठी ते अटेनोलॉल घ्यायचे. एकदा त्यांच्या नेहमीच्या कंपनीचा माल नव्हता, म्हणून मी दुसऱ्या कंपनीचं पाकीट दिलं आणि म्हटलं, "अण्णा, तीच आहे." त्यांनी मान हलवली. पंधरा दिवसांनी ते दुपारी गादीवरच पेंगायला लागले, जिना चढताना थांबायला लागले. नाडी मोजली तर मिनिटाला ४६. कपाट उघडलं तर जुन्या पाकिटातल्याही गोळ्या संपत आलेल्या. दोन नावं दिसली म्हणून ते दोन गोळ्या घेत होते. औषधांचं शिक्षण घेतलेल्या मुलीच्या घरात हे झालं. मला वाटलं होतं 'तीच आहे' हे दोन शब्द पुरेत. 'हिच्याऐवजी ही, जुनी आता घ्यायची नाही' असं मी म्हणायला हवं होतं, आणि जुनं पाकीट त्यांच्या हातून काढून घ्यायला हवं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहून देते: 'बीपी, सकाळी १'. गोळी बदलली असेल तर 'जुनी बंद' असंही लिहिते.

म्हणून ताई, मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं, त्यावर जाऊ नका. त्याच्याखाली किंवा मागे बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं. जनऔषधी केंद्रातून घेतलेली असो, दवाखान्यातून फुकट मिळालेली असो की दुकानातली महाग असो, बारीक अक्षरातलं नाव आणि पॉवर तेच असेल तर औषध तेच. नावाच्या शेवटी चिकटलेली अक्षरंही बघा. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांच्या नावापुढे 'एएम' असतं, ते सहसा अम्लोडिपिन. 'एच' म्हणजे सहसा हायड्रोक्लोरोथायझाइड, 'सीटी' म्हणजे क्लोरथॅलिडोन, ही दोन्ही लघवीची औषधं. नवीन पाकीट घरात आलं की जुन्या पाकिटाशेजारी ठेवायचं आणि ही अक्षरं जुळवायची. वाचता येणाऱ्या नातवाला हे काम द्या, तो आवडीने करेल.

आता गुडघ्याच्या गोळीकडे येते. माझ्या मते चारांतली सर्वांत काळजीची हीच. तुम्ही तिचा उल्लेख ओझरता केलाय, कारण ती वर्षभर चालू आहे आणि कुणाला तिचं काही वाटत नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, इटोरिकॉक्सिब ही एकाच घराण्यातली औषधं. ती अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, आणि बीपीच्या गोळ्यांचा जोर कमी करतात. फेब्रुवारीत सासूबाईंचं बीपी १७० वर का गेलं, याचं निदान एक कारण इथेच असू शकतं. डॉक्टरांना ही गोळी माहीत होती का? बहुतेक नाही. 'आणखी काही औषध चालू आहे का' असं विचारलं की दुखण्याची गोळी आपण मोजतच नाही.

ही गोळी, टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी असे तिघं एकत्र आले की मूत्रपिंडावर बेततं. आपल्याकडे पाण्याच्या पाळीची वाट बघत दिवस काढावे लागतात, त्यामुळे हे तुम्हाला लगेच कळेल. मूत्रपिंड म्हणजे चाळणी. तिच्यातून रक्त गाळलं जायला दाब लागतो. दुखण्याची गोळी चाळणीकडे येणारा नळ आवळते. टेल्मिसार्टन चाळणीतून पुढे जाणारा नळ सैल करतं. लघवीची गोळी टाकीतलं पाणीच कमी करते. येणारं कमी, जाणारं मोकळं आणि टाकी रिकामी, मग चाळणीवर दाब राहणार कसा? यातली एकेक गोळी तिच्या जागी चांगली आहे. टेल्मिसार्टन तर मधुमेह्यांच्या मूत्रपिंडाचं रक्षण करायलाही देतात. बिघडतं ते तिघं एकदम आल्यावर, आणि त्यात उन्हाळा असला तर फारच.

आणि सोलापूरचा उन्हाळा कसा असतो ते तुम्हाला मी काय सांगणार! पारा ४२ च्या वर, पत्र्याखाली दिवसभर सुपात पानं-तंबाखू घेऊन बसायचं, 'सारखं उठावं लागतं' म्हणून पाणी कमी प्यायचं. घाम, लघवीची गोळी, दुप्पट अम्लोडिपिन, आणि पहाटे अंथरुणातून झटक्यात उठून मोरीकडे. त्या पडल्या यात मला नवल वाटत नाही. हाड मोडलं नाही हे नशीब. डोक्याला मार लागला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

मग शेजारी म्हणाले ते बरोबरच होतं का? 'गोळ्यांनी पाडलं', हे अर्धं खरं आहे. चार पाकिटांच्या गोंधळाने पाडलं. पण त्यावर सगळंच बंद करणं हा उपाय नव्हता. तीन दिवस बीपी छान राहिलं त्याचं कारण सांगते. अम्लोडिपिन अंगात फार रेंगाळतं. घेतलेल्या औषधातला अर्धा भाग जायलाच सव्वा ते दोन दिवस लागतात. म्हणजे तुम्ही गोळी बंद केलीत, पण अंगातली गोळी काम करतच होती. आठव्या दिवशी ती संपली आणि खरं बीपी समोर आलं. कितीतरी माणसं इथेच फसतात. 'मी सोडून बघितली, काही झालं नाही,' असं चौथ्या दिवशी सांगतात. उलटंही तसंच आहे. पुन्हा सुरू केल्यावर पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो. दुसऱ्या दिवशी बीपी उतरलं नाही म्हणून डोस वाढवायचा नाही.

सासूबाईंच्या गोळ्यांत निदान तो दुसरा धोका नव्हता. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन एकाएकी सोडलं तर बीपी उसळी मारून वर जातं, हृदयाचा त्रास असलेल्याला झटकाही येऊ शकतो. तुमच्या वाड्यात कुणी ती घेत असेल आणि तुमचं बघून बंद करायला निघालं असेल तर त्यांना थांबवा. ती गोळी सोडायचीच असेल तर डॉक्टर हळूहळू कमी करत सोडवतात.

काय चालू करायचं, हे मी इथे बसून ठरवणार नाही आणि तुम्हीही घरी ठरवू नका. चारही पाकिटं, उरलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत घाला आणि फेब्रुवारीत ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांसमोर टेबलावर ओता. चिठ्ठी नको, पाकिटंच न्या. त्यांना तीन गोष्टी सांगा: दोन्हीकडून अम्लोडिपिन चालू होतं, सुजेसाठी लघवीची गोळी घेतली, आणि डायक्लोफिनॅक वर्षभर चालू होतं. मग विचारा की आता यातली नेमकी कोणती एक. तोवर लघवीची गोळी आणि डायक्लोफिनॅक स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम आणि पोटॅशियम तपासायचं का, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर काही आठवड्यांत ही तपासणी करायचीच असते, आणि सासूबाईंच्या बाबतीत तर ती टाळू नये. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनाही नवी गोळी कार्डावर लिहायला सांगा, नाहीतर पुढच्या महिन्यात पांढरी गोळी पुन्हा घरात येईल.

गुडघा दुखायचा तर थांबणार नाही. त्यासाठी पॅरासिटामॉल, शेक, लावायचं मलम, मांडीचे व्यायाम, आणि तासन्‌तास मांडी घालून बसण्याऐवजी पाट किंवा खुर्ची, यातलं काय जमेल ते डॉक्टरांशी बोला. मजुरी वळलेल्या विड्यांच्या संख्येवर मिळते, उठलं की हात थांबतो, हे मला ठाऊक आहे. तरी तासातून एकदा उठवा.

पोटॅशियमचं आलं म्हणून सांगते. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. बीपी आहे म्हणून मुलं प्रेमाने ते आणतात. निरोगी माणसाला ते चांगलं, पण टेल्मिसार्टन घेणाऱ्याने, त्यातही मूत्रपिंडाची तपासणी झालेली नसताना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. साधंच मीठ वापरा आणि कमी वापरा. दिवसभराचं सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाही नाही. शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात कुणाला सांगवत नाही. घरी कुटताना मीठ निम्मं घाला, लसूण-तिखटाने चव भरून निघते. लोणचं-पापड मात्र रोजच्या ताटातून काढाच. घशासाठी ज्येष्ठमधाची कांडी चघळायची सवय असेल तर तीही सोडवा, तिने बीपी वाढतं. बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनीही वाढतं.

रोजच्या घेण्याबद्दल थोडक्यात. सकाळी की रात्री, यावर लोक फार वाद घालतात. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त माणसांवर याचा अभ्यास झाला, २०२२ साली तो प्रसिद्ध झाला. हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यात दोन्ही वेळा सारख्याच ठरल्या. विसरणार नाही ती वेळ तुमची. लघवीचं औषध दिलंच तर ते सकाळी, म्हणजे रात्री मोरीकडे धावपळ नको. एखाद्या दिवशी राहिली तर त्या दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, दोन एकदम कधीच नाही. उलट्या-जुलाब लागले, ताप आला, अन्नपाणी जात नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. अशा वेळी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी ते बहुधा दोन-चार दिवस थांबवायला सांगतात.

टेल्मिसार्टन दमट हवेत खराब होतं. ती गोळी आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत आधी काढून ठेवू नका, घेताना पाकिटातून फोडा. पाकीट चुलीजवळ किंवा पत्र्याला लागून असलेल्या फळीवर नको, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा.

मोजण्याबद्दलही, कारण १८२ आणि १४८ हे दोन्ही आकडे कसे मोजले हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी अर्धा तास चहा नाही, मशेरी-तंबाखू नाही, धावपळ नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं. दंडावर पट्टा उघड्या हाताला, साडीच्या ब्लाउजवरून नाही. हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. मनगटाचं मशीन नको. सासूबाईंचं एकदा बसून आणि मग उभं राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजा. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरत असेल तर चक्करेचं कारण तिथेच आहे, ते डॉक्टरांना दाखवा. आणि पहाटे उठताना आधी अंथरुणावर बसायचं, पाय हलवायचे, मग भिंतीला धरून उभं राहायचं. मोरीत दिवा चालू ठेवा.

आता तुमच्या स्वतःच्या प्रश्नाकडे येते. संकोच कसला? तुम्ही आधी विचारलंत याचा मला किती आनंद झाला, सांगू शकत नाही.

ती उरलेली दोन पाकिटं तुम्ही घेऊ नका. एक गोळीही नाही. टेल्मिसार्टन आणि त्याच्या घराण्यातली औषधं, तसंच एनालाप्रिल-रॅमिप्रिल ही औषधं, गरोदरपणात पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला इजा करतात, बाळाभोवतीचं पाणी आटतं, बाळ दगावूही शकतं. दिवस राहिल्याचं कळायला महिना-दीड महिना जातो, तोवर गोळी चालूच राहते. मूल हवं असलेल्या बाईला आधीपासूनच दुसरं औषध देतात. लॅबेटॅलॉल, सावकाश सुटणारं निफेडिपिन आणि मिथाइलडोपा ही त्या काळात वर्षानुवर्षं वापरात आहेत.

पण तुम्हाला बीपी आहे, असं एका शिबिरातल्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. उन्हात चालत गेलात, रांगेत उभ्या राहिलात, घाईत पट्टा बांधला, एवढ्याने आकडा वर जातो. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ वर सांगितलं तसं मोजा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे असं धरून स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, दिवस राहायच्या आधी. पहिल्या बाळंतपणात बीपी वाढलं होतं का, पाय-तोंड सुजलं होतं का, ते आठवून सांगा. बीपी असलं तरी मूल होऊ शकतं ताई, फक्त पहिल्या महिन्यापासून नजर ठेवावी लागते.

राहिली सर्पगंधा. तिला खोटं म्हणणं अन्यायाचं होईल. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये या मुळीचा रुग्णांवरचा अनुभव मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे तिच्यातूनच रेसरपिन वेगळं काढलं गेलं आणि बीपीच्या सुरुवातीच्या परिणामकारक औषधांत त्याची गणना झाली. म्हणजे ती मुळी खरोखर बीपी उतरवते. पण म्हणूनच 'साइड इफेक्ट नाही' हे खोटं आहे. नाक चोंदणं, नाडी मंद होणं, पोटात व्रण आणि खोल उदासी हे तिचे त्रास डॉक्टरांनी तेव्हाच नोंदवले. पुडीतल्या चिमटीत औषध किती आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. आधीच चार औषधांत हेलकावे खाल्लेल्या सासूबाईंना पाचवं, तेही न मोजलेलं, देऊ नका. वैद्यांकडे जायचं असेल तर पदवी असलेल्या वैद्यांकडे जा, आणि तीच पिशवी त्यांच्याही टेबलावर ओता.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा सासूबाईंना तुम्ही स्वतः घेऊन जा. औषधाचं त्यांनाच बोलू द्या, आणि निघताना 'जुनी कुठली बंद केली' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐका. मग जी बंद झाली ती पाकिटं घरी परत नेऊ नका. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमचे आकडे आले की मला लिहा, तुमच्या सात दिवसांच्या वहीतलेही.